सहा आठवड्यांचे साडेसात तास: अभियांत्रिकीचा वर्ग पहिल्यांदा घेणाऱ्या शिक्षकांसाठी

फळ्यावर ‘प्रकल्प, सहा आठवडे’ असं लिहिलं की मुलांचे खांदे सैल पडतात. सहा आठवडे म्हणजे केवढा वेळ! पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटलं होतं. प्रकल्प होता मोटारीवर चालणारी छोटी गाडी गटाने बनवण्याचा. शेवटच्या दिवशी सातपैकी दोन गटांच्या गाड्या चालल्या, एक टेबलावरून खाली पडली आणि उरलेल्या चार गटांनी ‘कालपर्यंत चालत होती सर’ एवढंच सादर केलं.

चूक मुलांची नव्हती. वेळ मोजायला मी चुकलो होतो. तेव्हा पहिली पायरी तिथूनच.

पायरी १: आठवडे विसरा, मिनिटं मोजा

कागद घ्या. आठवड्याला ३ तासिका, म्हणजे सहा आठवड्यांत १८. त्यातून परीक्षा, सुट्ट्या आणि शाळेचे कार्यक्रम यांत निदान ३ जातात. उरल्या १५. तासिका ४५ मिनिटांची असली तरी हजेरी, सूचना, कपाटातून सामान काढणं यात ८ मिनिटं सरतात आणि शेवटी आवराआवरीला ७ लागतात. हातात राहतात ३० मिनिटं. १५ गुणिले ३० म्हणजे ४५० मिनिटं, साडेसात तास.

सहा आठवडे म्हणजे मोठ्या माणसाचा कामाचा एक दिवस, तोही पंधरा तुकड्यांत कापलेला. हा हिशेब स्वतःपुरता ठेवू नका, पहिल्याच दिवशी मुलांसमोर फळ्यावर करा. तुमच्या तासिका वेगळ्या असतील, आकडे वेगळे येतील, पण उत्तर पाहून वर्ग गप्प होतो हे नक्की.

अंदाज चुकण्याला नावही आहे. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ‘प्लॅनिंग फॅलसी’ मांडली: आधीची तशीच कामं लांबली होती हे माहीत असूनही माणूस पुढच्या कामाला कमीच वेळ धरतो. यावर उपाय आहे मागच्या वेळच्या नोंदी. पहिल्या वर्षी त्या तुमच्याकडे नसतात. म्हणून प्रकल्प आधी स्वतः करून पाहा. तेच सामान, तीच हत्यारं, घड्याळ लावून. तुम्हाला दोन तास लागले तर वर्गाला सात-आठ धरा. मी चौपट धरतो. सवय झालेल्या वर्गासाठी तिप्पट.

चौपट करून साडेसात तासांच्या पुढे जात असेल तर प्रकल्प लहान करा. गाडी हवी असेल तर चाकं आणि आस तयार द्या, मुलांनी फक्त गिअरची जोडी ठरवावी. शिकायचं ते नेमकं काय, हे ठरवल्याशिवाय काय कापायचं तेही ठरत नाही.

पायरी २: रांग कुठे लागणार ते शोधा

नवीन शिक्षक मुलांचं वेळापत्रक करतो आणि यंत्राचं विसरतो.

समजा दोन थ्रीडी प्रिंटर आहेत. मुठीएवढा भाग छापायला सहज तीन तास लागतात. प्रिंटर कोणी जवळ नसताना, रात्रभर चालू ठेवून घरी जायचं नाही; तापलेलं यंत्र आहे, आगीचा धोका असतो. म्हणजे एका प्रिंटरवर दिवसाला एक, फार तर दोन भाग. सात गट, प्रत्येकी तीन भाग, एकवीस. त्यातले चार-पाच तरी बिघडणार, कोपरा उचलला जाणार किंवा मधेच प्रिंटरची प्लास्टिकची तार अडकणार. दिवसाला एकेक भाग धरला तर अडीच आठवडे नुसत्या छपाईत गेले. सगळ्या गटांनी चौथ्या आठवड्याच्या शुक्रवारी फाइल दिली तर गणित तिथेच बुडालं.

‘क्रिटिकल पाथ’ ही पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांत तयार झाली. तिचा गाभा सोपा आहे: कामांची एक साखळी अशी असते की तिच्यातलं एक काम दिवसभर रेंगाळलं तर शेवटची तारीखही दिवसभर पुढे जाते. बाकीच्या कामांना थोडी ढील असते, या साखळीला नसते. शाळेच्या वर्गात ही साखळी जवळजवळ नेहमी प्रिंटर, लेझर कटर किंवा गोंद यांच्यातून जाते. ती शोधा आणि तिच्यावरून बाकीच्या तारखा लावा.

यातून तीन नियम निघाले, तेव्हापासून मी ते सोडलेले नाहीत.

गटांच्या फाइलच्या तारखा वेगवेगळ्या. गट १ आणि २ सोमवारी, ३ आणि ४ बुधवारी, असं. मुलं ‘हा अन्याय आहे’ म्हणतात. पहिली फाइल देणाऱ्याला दुरुस्तीची एक फेरी जास्त मिळते हे सांगा, मग पहिल्या तारखेसाठीच भांडण लागतं.

आधी चाचणीचा तुकडा, मग खरा भाग. छापलेलं भोक चित्रातल्यापेक्षा थोडं लहान येतं, त्यामुळे ३ मिलिमीटरच्या आसाला ३ मिलिमीटरचं भोक काढलं की आस आत जात नाही. नाण्याएवढ्या चकतीवर तीन वेगवेगळी भोकं काढून छापायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. हे न केलेल्या गटाचे तीन तास वाया जातात, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या गटाचेही.

वाळणारी कामं तासिकेच्या शेवटी. लाकडाला लावायचा पांढरा गोंद पूर्ण ताकद धरायला साधारण २४ तास घेतो. तासिकेच्या सुरुवातीला गोंद लावला तर मुलं अर्धा तास हाताने धरून बसतात. शेवटच्या पाच मिनिटांत लावून शिकंज्यात आवळून ठेवला तर पुढच्या तासिकेला हातात घट्ट सांधा. गोंद, रंग आणि लेप अशी सगळी कामं याच खिशातून.

पायरी ३: तारखेला टेबलावर ठेवता येईल अशी वस्तू हवी

‘१२ तारखेपर्यंत डिझाइन पूर्ण’ ही तारीखच नाही. पूर्ण म्हणजे काय, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. ‘१२ तारखेला पुठ्ठ्याचं, खऱ्या मापाचं, चाकं फिरणारं मॉडेल टेबलावर’ ही तारीख झाली. आहे किंवा नाही, मधलं काही नाही.

पंधरा तासिकांची माझी वाटणी अशी आहे. पहिल्या दोन तासिका प्रश्न समजून घ्यायला आणि हाताने चित्रं काढायला, प्रत्येकाची निदान तीन. तिसऱ्या तासिकेला निवड: कल्पना एका बाजूला, निकष दुसऱ्या बाजूला, चौकटीत गुण. चौथ्याला पुठ्ठा. पाचव्या-सहाव्याला संगणकावर आराखडा आणि पहिली फाइल. सातव्यापासून बांधणी. नवव्या तासिकेच्या शेवटी एक गोष्ट दिसायलाच हवी, तिला आमच्या वर्गात ‘वाईट पण चालणारी’ म्हणतात. वेडीवाकडी, टेप लावलेली, रंग नसलेली, पण स्वतःच्या ताकदीवर टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी. दहा ते तेरा चाचण्या आणि दुरुस्त्या. चौदावी रिकामी. पंधरावी सादरीकरण.

चौदावी तासिका रिकामी आहे हे मुलांना सांगू नका. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५५ मध्ये लिहून ठेवलंय की काम हे दिलेल्या वेळाएवढं फुगतं. रिकामी तासिका जाहीर केली की तेरावीची कामं आपोआप चौदावीत सरकतात.

सगळ्यात जास्त फुगतं ते चित्र काढणं. पाचव्या तासिकेत एखादा गट गाडीच्या नावाची पाटी बनवत असेल आणि अजून आसाचं माप ठरलेलं नसेल, तर लगेच हाक मारा. म्हणूनच सहाव्या तासिकेनंतर आराखडा गोठतो. बदल करायचा असेल तर एका ओळीत कारण लिहून माझी सही घ्यायची. सही मी बहुतेक वेळा देतो. पण लिहायला लागल्यावर निम्मे बदल मुलंच मागे घेतात.

या पायरीत एक धोका लपलेला आहे, एककांचा. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाशी पोचतानाच गमावलं गेलं. एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंडात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन समजून वापरत होती. मुलांना ही गोष्ट आवडते आणि पुढच्याच आठवड्यात ती तेच करतात. थ्रीडी छपाईसाठी दिल्या जाणाऱ्या एसटीएल फाइलमध्ये एकक लिहिलेलंच नसतं, नुसते आकडे असतात. एका मुलीने आराखडा इंचात काढला, प्रिंटरने आकडे मिलिमीटर धरले, आणि ६ सेंटिमीटरचं चाक अडीच मिलिमीटरपेक्षाही लहान झालं. पडद्यावर तिला ठिपका दिसला. ‘धूळ आहे’ म्हणून तिने तो पुसायचा प्रयत्नही केला. आता फाइल देण्याच्या चिठ्ठीवर एक रकाना आहे: लांबी किती, मिलिमीटरमध्ये. तो रिकामा असेल तर फाइल परत.

पायरी ४: गट

तिघांचा गट करा. चौघांत एकाचे हात रिकामे राहतात आणि रिकामे हात दुसऱ्या गटाच्या टेबलावर जातात. दोघांत एक आजारी पडला की दुसरा एकटा. दोरी ओढण्यावर प्रयोग करणाऱ्या माक्स रिंगेलमन या फ्रेंच अभियंत्याला शंभरेक वर्षांपूर्वीच दिसलं होतं की दोरीला माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो. त्यात ढिलाई असते तशी एकमेकांत ताळमेळ नसणंही असतं.

कामं नावानिशी द्या आणि दर पाच तासिकांनी फिरवा, नाहीतर ज्याला संगणक येतो तो शेवटपर्यंत संगणकावर आणि ज्याला येत नाही तो शेवटपर्यंत कात्रीवर.

आणखी एक: दिवसअखेर फाइल सामायिक फोल्डरमध्ये, वस्तू गटाच्या खोक्यात. घरी काही न्यायचं नाही. ज्याच्या पेनड्राइव्हमध्ये सगळं असतं तोच मुलगा सादरीकरणाच्या आदल्या दिवशी तापाने झोपतो. हे इतक्या वेळा झालंय की मी आता त्याला योगायोग म्हणत नाही.

मागे पडलेल्या गटाला चौथा माणूस देण्याचा मोह टाळा. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये सांगितलं की उशीर झालेल्या कामात माणसं वाढवली की ते आणखी उशिरा होतं. नव्या मुलाला सगळं समजावण्यातच दोन तासिका जातात. माणूस वाढवण्यापेक्षा काम कमी करा.

पायरी ५: रोजची फेरी

भिंतीवर तीन रकाने: करायचं, चालू, झालं. प्रत्येक कामाची एक चिकटचिठ्ठी. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी रुजवलेल्या कानबान पद्धतीचं हे शाळकरी रूप. एकच नियम काटेकोर पाळा: ‘चालू’मध्ये एका मुलाच्या नावावर एकच चिठ्ठी. दोन असतील तर दोन्ही अर्धवट असतात.

मग एक स्टूल घ्या आणि गटागटाकडे जाऊन बसा. उभं राहून विचारलं तर उत्तरही उभ्याउभ्याच मिळतं. सात गट, प्रत्येकी तीन मिनिटं, एकवीस झाली. उरलेली नऊ मिनिटं अडलेल्यांसाठी. विचारायचं काय, ते मला बरंच उशिरा कळलं.

‘कसं चाललंय?’
‘छान चाललंय सर.’
‘दाखव.’
‘म्हणजे... अजून जोडलं नाही.’

पहिला प्रश्न वगळा. ‘दाखव’ पासूनच सुरुवात करा.

एकदा एका गटाची गाडी सुरू होताच बंद पडत होती. बटण दाबलं की मोटार अर्धी गिरकी घेई, कोड चालवणाऱ्या छोट्या बोर्डवरचा दिवा विझे, परत लागे, पुन्हा तेच. मुलं म्हणाली, ‘सर, कोड बिघडलाय.’ मी मान डोलावली आणि पुढे गेलो, कारण पुढच्या टेबलावर धूर निघत होता. पुढच्या तासिकेलाही कोडच. मुलांनी तो तीनदा नव्याने लिहिला होता. तिसऱ्या वेळी मी मल्टिमीटर लावला. मोटार बंद असताना चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी ९ च्या वर दाखवत होती. बटण दाबलं आणि आकडा ५ च्या आसपास घसरला. त्या आर्डुइनो उनो बोर्डला बाहेरून ७ ते १२ व्होल्ट लागतात. मोटार सुरू होताना जो जोराचा प्रवाह ओढते तो ही छोटी बॅटरी देऊच शकत नव्हती, व्होल्टेज कोसळत होतं आणि बोर्ड दर वेळी नव्याने सुरू होत होता. मोटारीला चार सेलचं वेगळं खोकं दिलं, दोन्हींच्या ऋण तारा एकमेकींना जोडल्या. दहा मिनिटांत गाडी पळाली. हातच्या साडेसात तासांतला एक तास गेला होता, एका बॅटरीपायी.

तेव्हापासून टेबलावर लाल कार्ड असतं. दहा मिनिटं काहीच पुढे सरकलं नाही तर कार्ड उभं करायचं आणि मी येईपर्यंत तीन ओळी लिहायच्या: काय व्हायला हवं होतं, काय झालं, शेवटचा बदल कोणता केला. बऱ्याचदा मी पोचेपर्यंत कार्ड आडवं झालेलं असतं. तिसरी ओळ लिहितानाच मुलांना उत्तर सापडतं.

पायरी ६: उशीर झालाच तर

होणारच. नियम आधी ठरवा, प्रसंग आल्यावर नाही. त्या वेळी समोर रडवेला चेहरा असतो आणि न्याय डळमळतो.

प्रत्येक गटाला सुरुवातीला मुदतवाढीच्या दोन चिठ्ठ्या द्या. एक चिठ्ठी म्हणजे एक तासिका जास्त, कारण विचारलं जाणार नाही. अट एवढीच की चिठ्ठी तारखेच्या आधीच्या तासिकेला द्यायची, तारीख उलटल्यावर ती कागदच. सादरीकरणाला चालत नाही. यामुळे मुलं पुढचं पाहायला लागतात. ‘सोमवारी जमणार नाही’ हे गुरुवारी ओळखणं हेच तर शिकवायचं आहे. यंत्र बिघडल्यामुळे झालेला उशीर चिठ्ठीतून कापू नका. तो तुमचा उशीर.

चिठ्ठ्या संपल्या की काम कापायचं. पहिल्या आठवड्यातच प्रत्येक गटाकडून दोन याद्या लिहून घ्या: ‘एवढं तरी हवंच’ आणि ‘जमलं तर’. अकराव्या तासिकेला दिवे, भोंगा आणि रंग ही कामं उरली असतील तर दुसरी यादी सरळ खोडा. खोडताना मुलांचे चेहरे पडतात. पेन त्यांच्याच हातात द्या.

राहिलेलं काम घरी करून आणायला सांगू नका. घरी कोणाकडे हत्यारं असतात, कोणाकडे वडीलच अभियंते असतात, आणि कोणाकडे बसायला जागा नसते. घरून आलेली चकाचक वस्तू नेमकी कोणाची, हे तुम्हाला कळत असतं, फक्त सिद्ध करता येत नाही.

गुणांबद्दल थोडक्यात. ‘चालली की नाही’ याला फार गुण ठेवले तर मुलं सगळ्यात सोपी कल्पना निवडतात आणि फसलेल्या चाचण्या लपवतात. मी शंभरातले तीस त्याला देतो, तीस मधल्या तारखांना, तीस नोंदवहीला, दहा आवराआवरीला. नोंदवही शाईने, पानांवर आकडे, रोजची तारीख, फाडाफाड नाही, चुकलं तर एक रेघ मारून पुढे. आवराआवरीचे दहा गुण काढले त्या वर्षी स्क्रू संपले.

पायरी ७: शेवटची तासिका

सादरीकरण तीस मिनिटांत बसवा: गटाला तीन मिनिटं, त्यातलं निदान एक मिनिट वस्तू चालताना दिसली पाहिजे. सातांची एकवीस झाली. स्लाइडवाली भाषणं नकोत.

उरलेल्या नऊ मिनिटांत गाड्या सुट्या करायच्या. मुलांना हे क्रूर वाटतं, फोटो काढून होईपर्यंत थांबा. मोटारी एका डब्यात, सेल दुसऱ्या, स्क्रू मापाप्रमाणे. त्याच वेळी प्रत्येक गटाने सुरुवातीला लिहिलेल्या अंदाजाशेजारी नोंदवहीतून खरा वेळ उतरवायचा. ते कागद गोळा करा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, पुढच्या वर्गाला पहिल्या दिवशी तेच वाचून दाखवायचे आहेत. माझ्या कपाटावर गेल्या वेळचा एक अजून आहे. चाकं बसवणं, अंदाज १० मिनिटं, लागली ४०. वायरिंग, अंदाज एक तासिका, लागल्या चार. खाली वेगळ्या अक्षरात: गाडीला नाव ठेवणं, अंदाज ५ मिनिटं, लागला एक आठवडा.